तेजाबाच्या खोलीतला एम.एस्सी.

उत्तम जाधव मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. जेवायला बसला आणि त्याने खिशातला रुमाल काढून ताट पुसलं. ताट मीच घासलेलं होतं. मी भाकरी वाढली आणि म्हटलं, हिच्यावरची राखपण पुसून घे. बाकीची माणसं हसली, तो हसला नाही.

माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे. उत्तम जिवंत आहे, त्यामुळे मला खरं लिहिता येईल. बजरंग मेलाय, पण त्याच्याबद्दलही मी खरंच लिहिणार. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग आमच्या गावात नव्हता. त्यामुळे मोठे शब्द माझ्याकडे नाहीत आणि त्यांची इथे गरजही नाही.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या कामासाठी देशभर गेली. त्यातली काही कलकत्त्याला आली. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात उकळायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं. बडाबाजारातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नानांचं दुकान. एका खोलीत भट्टी, तिच्यामागे लहानशा खोलीत तेजाब. चौथ्या मजल्यावर कामगारांची राहायची जागा आणि माझं स्वयंपाकघर. माझा नवरा याच दुकानात तेजाबाच्या खोलीत काम करायचा. छाती भरून गेला. तो गेला तेव्हा नानांनी विचारलं, गावी जाणार की इथे स्वयंपाक करणार. गावी माझं काही नव्हतं. तेव्हापासून वीस-बावीस माणसांच्या भाकऱ्या थापतेय.

उत्तम नानांच्या चुलत बहिणीचा मुलगा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला, तेही पहिल्या वर्गात. कॉलेजात शिकवायची नोकरी मिळेल म्हणून तीन वर्षं गावात बसून राहिला. मिळाली नाही. आईने नानांना फोन केला आणि हा कलकत्त्याला आला. येताना एक बॅग आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. फाइलमध्ये सर्टिफिकिटं. ती तो उशीखाली ठेवून झोपायचा. दुकानातली सगळी त्याला प्रोफेसर म्हणायला लागली. ती चेष्टा आहे हे त्याला कळत होतं, पण तो ओ द्यायचा. मला वाटतं, चेष्टेत का होईना, कुणीतरी म्हणतंय तरी, असं त्याला वाटत असावं.

भट्टीवर तो बूट घालून, शर्ट खोचून जायचा. बाकीचे चड्डी-बनियनवर. कुणी तेजाब म्हटलं की हा म्हणायचा, नायट्रिक आम्ल म्हणा. कुणी सुहागा म्हटलं की हा म्हणायचा, बोरॅक्स म्हणा. आणि दर दोन दिवसांनी एक वाक्य, "मी इथं तात्पुरता आहे." अंघोळीच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी हेच, भाजीत मीठ जास्त पडलं तरी हेच. असा तो चार वर्षं तात्पुरता होता.

पण डोकं होतं. ते नाकारून चालणार नाही. हाताला काम असायचं आणि डोक्याला नसायचं, मग ते डोकं इकडेतिकडे फिरायचं. माझ्या स्वयंपाकघरात माणसं तीन पंगतींत जेवायची आणि किती जेवले, किती राहिले याचा मला कधी पत्ता लागायचा नाही. भाकऱ्या उरायच्या नाहीतर कमी पडायच्या. एका रविवारी तो हातोडी घेऊन आला. दाराशेजारी भिंतीवर ओळीने खिळे मारले, प्रत्येकाच्या ताटाच्या काठाला भोक पाडलं आणि ताटं टांगून टाकली. येईल त्याने आपलं ताट काढायचं, जेवून घासून परत टांगायचं, पण तोंड भिंतीकडे करून. मी चुलीजवळून मान वळवली की रिकामे खिळे आणि उलटी ताटं दिसायची. किती माणसं बसलीत, किती यायचीत, सगळं कळायचं. शिवाय ताटं घासायचं माझं काम गेलं. मी म्हटलं, चांगलं केलंस रे. त्या दिवशी त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. मग हात धुताना म्हणाला, "याला एम.एस्सी. लागत नाही, आक्का." तोंड कडू झाल्यासारखं बोलला. मी मनात म्हटलं, मग याला आनंद तरी कशाचा होणार?

आता बजरंगाबद्दल. बजरंग पवार तेजाबाच्या खोलीतला मुख्य कारागीर. वीस वर्षांपेक्षा जास्त काळ त्या खोलीत. शाळा दोन-तीन इयत्ता, वाचायचा तो अक्षर अक्षर जुळवून. पण नुसता धूर बघून सांगायचा की आतलं तांबं-चांदी विरघळलं की नाही. लाल धूर निघतोय तोवर काम चालू. धूर पांढरा पडला की झालं. उकळीचा आवाजही ओळखायचा. नाना कुठल्याही सोनारासमोर त्याचा हात धरून सांगायचे, हा आमचा तराजू. बजरंग तोंडाचा फटकळ होता, दारू पीत नव्हता आणि माणसं चुकली की डोक्यात टपली मारायचा. माझा नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर मुख्य म्हणून तोच आला. खोकला त्यालाही लागलेला होता. पाण्याची चूळ भरून खिडकीतून थुंकायचा आणि परत आत जायचा.

पहिलं वाजलं ते पाण्यावरून. तेजाबात विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवायची आणि उरलेलं पाणी मोरीत सोडायचं, अशी पद्धत होती. उत्तमने एक दिवस त्या पाण्यात मीठ टाकलं. पाणी दुधासारखं झालं. म्हणजे त्यात अजून चांदी होती. ही गोष्ट त्याने संध्याकाळी नानांना बाजूला घेऊन सांगितली असती तर नानांनी त्याला मिठाई दिली असती. पण तो ते भांडं हातात धरून बाहेर आला. बाहेर बहूबाजारचे एक वयस्कर बंगाली सोनार बसले होते. त्यांच्यासमोर म्हणाला, मामा, हे बघा, तुमची माणसं वीस वर्षं चांदी गटारात सोडतायत.

आमच्या धंद्यात घट, म्हणजे मालाच्या वजनात आलेली तूट, हा शब्द फार जपून बोलतात. थोडी घट धरलेलीच असते. तिच्यावर गेली की पहिला प्रश्न एकच, कुणी खाल्ली. उत्तमला हे माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो पाण्याबद्दल बोलला होता. बजरंगला ऐकू आलं ते एवढंच, बजरंग चोर आहे. सोनारबाबूंनी चहा अर्धा ठेवला आणि आपलं सोनं मागून घेतलं. ते गेल्यावर बजरंगने खिसे उलटे करून नानांसमोर दाखवले, बनियनही काढलं. नाना उत्तमला म्हणाले, "तुझं शिक्षण चपलेबरोबर दाराबाहेर काढून ये."

तरी पाण्यात मीठ टाकायची पद्धत नानांनी ठेवली. फक्त ती कुणाची, हे कुणी बोललं नाही.

दुसरी गोष्ट धुराची. याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

माझ्या नवऱ्याच्या छातीबद्दल उत्तमने मला खोदून खोदून विचारलं होतं. किती वर्षं त्या खोलीत होते, शेवटी थुंकी कशी पडायची, रात्री बसून झोपायचे का. मी सांगितलं. तो ऐकून घ्यायचा, हळहळ वगैरे काही नाही. मग दोन महिने सुट्टीच्या दिवशी त्याने त्या खोलीत खटपट केली. निळं प्लॅस्टिकचं पिंप अर्धं कापून तेजाबाच्या पातेल्यावर टोपीसारखं उलटं बसवलं. त्याला पाइप जोडला. पाइप चुन्याच्या पाण्याच्या दोन पिंपांतून नेला आणि शेवटी भंगारातून आणलेला पंखा लावला. धूर टोपीत धरायचा, चुन्याच्या पाण्यात मारायचा, उरलेला खिडकीबाहेर. सुरू केलं त्या दिवशी मला खाली बोलावलं. मी त्या खोलीत उभी राहिले आणि माझे डोळे चुरचुरले नाहीत. लग्न होऊन आल्यापासून त्या खोलीत असं कधी झालं नव्हतं. मला नवरा आठवला आणि या पोराचा रागही आला, की हा इतक्या उशिरा का जन्माला आला.

महिनाभर पिंप चाललं. माणसांचा खोकला कमी झाला, हे मी स्वयंपाकघरात बसून सांगते, कारण पंगतीत खोकणारे मी मोजायचे. मग बजरंग उत्तमकडे गेला. जिन्यात गाठलं, मी भाजी निवडत तिथेच बसले होते. म्हणाला, तुझं यंत्र चांगलं आहे, पण मला धूर दिसत नाही. धूर दिसल्याशिवाय मला कळत नाही काम झालं की नाही. कायतरी कर. बजरंग कुणाला विनंती करणारा माणूस नव्हे. ही विनंतीच होती.

पिंपाला हातभर काच बसवली असती तर भागत होतं. हे मला चौथी शिकलेलीला तिथे बसल्या बसल्या सुचलं. उत्तमला सुचलं नसेल असं मी मानत नाही. तो म्हणाला, "धूर बघून काम करायचे दिवस गेले. घड्याळ बघायला शीक." आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला. कशाला किती मिनिटं, कधी पंखा, कधी चुना. खाली लाल शाईत लिहिलं होतं, ज्याला वाचता येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावे.

बजरंगने तो कागद अक्षर अक्षर जुळवून शेवटपर्यंत वाचला. मग आत जाऊन पाइप उपसला, पिंप उचललं आणि गच्चीत नेऊन टाकलं. नानांपुढे प्रकरण गेलं. नानांना बजरंगसारखा कारागीर दुसरा मिळणार नव्हता, एम.एस्सी. मात्र त्यांना फुकटात मिळालेला होता. नाना म्हणाले, तू कामाला आलायस, बजरंगला शिकवायला नाही. उत्तम म्हणाला, ठीक आहे, सांगाल तेवढं करीन.

आणि त्याने तसंच केलं. मी माणसं रागावलेली पाहिलीत, रुसलेली पाहिलीत. हे वेगळं होतं. तो वेळेवर यायचा, सांगितलेलं काम चोख करायचा आणि एक शब्द जास्त बोलायचा नाही. कुणी तेजाब म्हटलं तरी दुरुस्त करायचा नाही. मला आधी बरं वाटलं, म्हटलं पोरगा मऊ झाला. मग एकदा साच्यात चांदी ओतताना उडाली आणि एका कारागिराचा हात मनगटापर्यंत भाजला. साचा ओला होता. ओल्या साच्यात ओतली की ती उडणारच. हळद-तेल घेऊन मी धावले, तर उत्तम बाजूला उभा. मी विचारलं, तुला दिसलं होतं का रे साचा ओला आहे ते? म्हणाला, "दिसलं होतं. मला कुणी विचारलं नाही."

मी त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. त्याने स्वतः वाढून घेतलं.

ते पिंप गच्चीत आठ महिने पडून होतं. पावसाचं पाणी साचून त्यात डास झाले, तेव्हा मी ते उपडं केलं. उचलून खाली नेऊन बसवा, असं मी नानांना म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पुरुषांचं भांडण, आपण कशाला, असं वाटलं. तेही लिहून ठेवते.

लग्नसराईचे दिवस होते. कामाचा ढीग. थंडी होती आणि समोरच्या इमारतीतली माणसं धुराची तक्रार करत होती, म्हणून तेजाबाच्या खोलीची खिडकी बंद. त्या दिवशी आलेल्या मालात तांबं फार होतं. बजरंगने घाईत तेजाब एकदम ओतलं. खोली लाल धुराने भरली. तो आतच राहिला, पातेलं उतू जाऊ नये म्हणून. बाहेर आला तेव्हा खोकून खोकून वाकला होता. तोंड धुतलं, जरा बसला आणि बरा झाला. दुपारी जेवायला वर आला. त्याचा रंगही ठीक होता. फक्त भाकरी नको म्हणाला, ताकभात मागितला.

उत्तम समोर बसला होता. तो बजरंगकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, किती वेळ होतास आत. आठ महिन्यांत तो पहिल्यांदा आपण होऊन बोलला. बजरंग म्हणाला, तुझं काय जातंय. उत्तम म्हणाला, "इस्पितळात जा. आत्ता. हा धूर आधी काही करत नाही, चार-सहा तासांनी करतो."

बजरंगने हातातला घास तसाच धरला. "एम.एस्सी. झालास. आता डॉक्टरपण झालास काय?"

पंगत हसली. मीपण हसले. उत्तमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला, ताट घासलं, खिळ्याला टांगलं आणि खाली निघून गेला. परत एकदा सांगावं, नानांना सांगावं, मला बाजूला घेऊन सांगावं, यातलं काही त्याने केलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला बजरंगला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले, तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. जिना अरुंद, त्याला खुर्चीत बसवून उतरवला. बडाबाजारातून त्या वेळी गाडी निघत नाही. हातगाड्या, डोक्यावर ओझं घेतलेले मोटे, टेम्पो. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत संपला होता. डॉक्टर म्हणाले, दुपारी आणला असता तर बघता आलं असतं. सोबत गेलेल्यांनी ते येऊन सांगितलं तेव्हा उत्तम तिथेच भिंतीला टेकून उभा होता.

बजरंगची बायको गावाहून आली तोवर निमतल्याच्या स्मशानघाटावर सगळं उरकलं होतं. शालन तिचं नाव. माझ्या खोलीत बसली. रडून झालेलं होतं, आता विचारत होती. दुपारी जेवला ना, मग कुणालाच कसं कळलं नाही? नाना म्हणाले, नाही ग कळलं, चांगला होता. एकेक जण तेच म्हणाला. मीही मान हलवली. उत्तम दारात होता. तो म्हणाला, "मला कळलं होतं."

शालनने वर बघितलं. म्हणाली, "मग उचलून का नेलं नाही?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं होतं, ते ऐकेनात, एवढं म्हणाला असता तरी ते खरंच होतं आणि आम्ही सगळ्यांनी साक्ष दिली असती. तो म्हणाला, "ते मला हसले."

 शालन त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा कुठल्या भाषेत बोलला ते तिला कळत नव्हतं. मग तिने तोंड फिरवलं.

आठवडाभरात उत्तम गेला. नानांनी ते पिंप गच्चीतून खाली आणलं, पत्रेवाल्याकडून त्याला काच बसवून घेतली. आजही चालतं. नव्या कारागिराला धूरही दिसतो आणि खोकलाही नाही. नाना आल्यागेल्याला दाखवतात की आमच्या दुकानात ही सोय आहे.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी मी सियालदहच्या घाऊक बाजारात कांदे घ्यायला गेले होते. पोतं मोट्याच्या डोक्यावर देऊन गल्लीतून येत होते, तर नाकात तेजाबाचा वास शिरला. तो मला झोपेतही ओळखू येईल. एका बंगाली मालकाचं छोटं गलाईचं दुकान होतं. दारात उत्तम उभा. उघडे पाय, बनियन, तोंडाभोवती ओला गमछा. त्याने मला ओळखलं, गमछा खाली केला. केस पांढरे झाले होते, पस्तिशीही नसेल. बराकपूरला खोली घेतलीय, रोज गाडीने येतो म्हणाला. जेवण कोण करतं विचारलं, तर म्हणाला मीच.

मी आत डोकावले. लहान खोली, उघडं पातेलं, लाल धूर. मी विचारलं, इथे पिंप नाही बसवलंस?

"इथं मी दहावी पास आहे, आक्का."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने शिक्षण सांगितलंच नव्हतं. म्हणाला, दहावीवाल्याला कुणी प्रोफेसर म्हणत नाही, काही विचारत नाही, बरं वाटतं. मी म्हटलं, तुला बरं वाटतंय, पण आत जी माणसं आहेत त्यांनाही छाती आहे. दहावीवालाही पिंप कापू शकतो. एवढं साधं मालकाला सांगायला काय होतं? तो म्हणाला, सांगायची मला रीत नाही. तुम्ही बघितलीत ना माझी रीत. मग म्हणाला, तेजाबाला मी एकटाच बसतो. बाकीच्यांना बाहेर काढतो.

बोलता बोलता त्याला खोकला आला. मी तो खोकला सोळा वर्षं शेजारी झोपून ऐकलाय. त्याला सांगणार होते, इस्पितळात जा. तो मला काय सांगणार हेही मला माहीत होतं, तरी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, मला माहीत आहे याचं पुढे काय होतं.

आतून मालकाने हाक मारली. नावाने नाही, नुसतंच, ए, इधर आ. उत्तमने आतल्या दोघांना खुणेने बाहेर बोलावलं. ते विड्या पेटवत गल्लीत येऊन उभे राहिले. त्याने गमछा परत नाकावर ओढला, आत गेला आणि धूर गल्लीत येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.